सत्याग्रहाचं एक दिवसाचं शिबिर, धुळे : जेलभरोला निघण्याआधी जरूर करा

मी शिंदखेडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मानधनासाठी आमचे मोर्चे निघतात, जेलभरोही होतं. त्याची तयारी करून घेणारं हे शिबिर धुळ्यात देवपूरच्या एका हॉलमध्ये भरतं. फी दीडशे रुपये, दुपारचं जेवण त्यातच. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा. पोटभर होतं.

खरा कस सकाळीच लागतो. खुर्च्यांची एक ओळ मांडतात. निम्म्या जणी बसतात, बाकीच्या पोलीस आणि बघे होतात. मग शिव्या, धक्के, अंगावर पाणी. बसलेलीने उलट बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, पाठ ताठ ठेवायची. एकीने माझ्या शेजारच्या ताईंचा पदर ओढला तशा त्या ताडकन उठल्या, "काय करी ऱ्हायनी वं तू?" प्रशिक्षक रागावले नाहीत. पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ताई हलल्या नाहीत. मला हे फार मोलाचं वाटलं, कारण मोर्चात एकीचा जरी हात उठला तरी दुसऱ्या दिवशी मागणीबद्दल कुणी बोलत नाही.

हा सराव आला कुठून, तेही नीट सांगतात. जेम्स लॉसन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक 1950 च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींचा मार्ग त्यांनी इथे अभ्यासला आणि परत जाऊन तिथल्या नॅशव्हिल शहरातल्या विद्यार्थ्यांकडून असाच सराव करून घेतला. 27 फेब्रुवारी 1960 ला ती मुलं दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांना खायला वाढणाऱ्या काउंटरांवर जाऊन बसली. जमावाने त्यांना मारलं आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच पकडलं. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी त्याच जागी येऊन बसायची. ऐंशीच्या आसपास अटका झाल्या. दंड भरायचं नाकारून त्यांनी कोठडी पत्करली. मे महिन्यात तिथल्या दुकानांनी काउंटर सगळ्यांना खुले केले.

मी विचारलं, पोलीसच शांत राहिले तर? आम्हाला तर गाडीत घालून पोलीस ग्राउंडवर नेतात, नावं लिहितात आणि संध्याकाळी सोडतात. यावर प्रशिक्षकांनी अमेरिकेतल्याच अल्बनी शहराचं उदाहरण दिलं. तिथे 1961-62 मध्ये शेकडो लोक अटक करवून घेत होते, पण पोलीसप्रमुखाने मारहाण टाळली आणि कैदी आसपासच्या तुरुंगांत पांगवले. तुरुंग भरलाच नाही. 1963 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुलं हजारोंनी उतरली, तेव्हा तिथे तुरुंगात जागा उरली नाही. म्हणून दुसरी, तिसरी तुकडी कोण, नावांची यादी कुणाकडे, बीपीच्या गोळ्या कुणाजवळ, घरी लेकरं कोण बघणार, हे सगळं आमच्याकडून कागदावर लिहून घेतलं. इतक्या मोर्चांत हे कुणी विचारलं नव्हतं.

कायद्याचं सत्र मात्र कमी पडलं. वकील उशिरा आले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम 68 आणि 69 (पोलिसांचं ऐकणं बंधनकारक, न ऐकल्यास ते ताब्यात घेऊ शकतात) सांगितलं, सूर्यास्तानंतर महिलेला अटक करण्यावरचे निर्बंध सांगितले आणि निघाले. सेवा समाप्तीची नोटीस आली तर काय करायचं, हा आमचा सगळ्यात मोठा धाक, त्याला वेळच उरला नाही. त्यासाठी निदान दोन तास हवेत.

एकटीने जाऊ नका, एकाच बीटमधल्या (एका पर्यवेक्षिकेच्या भागातल्या) जणी मिळून जा, म्हणजे तुकड्या तिथेच ठरतात. पुढच्या खेपेला मी आमच्या मदतनीसांनाही नेणार आहे.