बी-१२ चे थेंब, साडेसात महिने वापरून: औषध चांगलं, झाकणाने वैताग आणला

तान्ह्या पोळ्याला माहेरी गेले, बॅग उघडली तर पोरीचा नवा फ्रॉक गुलाबी. बाटली आडवी झाली होती, ड्रॉपरचं (तेच बाटलीचं झाकण) रबर बुडाशी चिरलं होतं आणि व्हिटॅमिन बी-१२ चे थेंब अर्धेअधिक बॅगेत सांडले होते. पाचवी बाटली, उघडून दोन आठवडेही झाले नव्हते. तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. थेंबांबद्दल लोक लिहितात, कोणते चांगले, किती एमसीजीचे (मायक्रोग्रॅमचे), चव कशी, पण झाकणाबद्दल कोणी लिहीत नाही आणि माझं अर्धं डोकं या झाकणानेच खाल्लं आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते. गाव दारव्हा तालुक्यात, घरी सासऱ्यांपासून सगळे माळकरी, त्यामुळे अंडं-मटण कधीच नाही. मुलगी सात महिन्यांची असताना वरचं दूध सुरू केलं तर शीतून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले गाईच्या दुधाची अॅलर्जी आहे, दूध, दही, तूप, बिस्किटं सगळं बंद, आणि अंगावर पिते तोवर तुमचंही बंद. म्हणजे न ठरवता आम्ही मायलेकी व्हीगन झालो, जनावरापासूनचं काहीच न खाणाऱ्या. शहरात कोणी स्वतःहून व्हीगन होतं ते आधी वाचून होतं, आमचं तसं नव्हतं. दूध काढून टाकलं, त्याच्या जागी काय आलं पाहिजे हे मी विचारलं नाही आणि तेव्हा कोणी सांगितलंही नाही. मी शेंगदाणे, सोयाबीन, डाळी, नाचणी, तीळ सगळं मोजून देत होते आणि मला वाटायचं झालं की.

दिवाळीपर्यंत पोरगी पंधरा महिन्यांची झाली. त्याच्या आधी धरून उभी राहायची, ती राहीनाशी झाली. हाक मारली तर बघायची पण हसायची नाही. चेहरा पिवळट, केस विरळ, बोटांच्या पेरांवर काळपट डाग. सासूबाई म्हणायच्या, "दात येऊन राहिले, म्हणून मलूल पडली." मलाही तेच वाटलं, खरं सांगते. यवतमाळला बालरोगतज्ज्ञांनी आधी तिच्या हाताची बोटं बघितली आणि मग मला विचारलं, तुम्ही काय खाता. रक्त नागपूरला गेलं, नऊशे रुपये, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट. तिचं बी-१२ आलं ९६, माझं १२१. दोनशेच्या खाली म्हणजे कमी. हिमोग्लोबिन ७.८.

डॉक्टरांनी जे समजावलं ते इथे लिहिते, कारण हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. बी-१२ झाड बनवत नाही आणि जनावरही बनवत नाही, ते फक्त जिवाणू बनवतात. जनावरांच्या पोटातून, चाऱ्यातून ते दुधा-मांसात येतं. आपल्या लिव्हरमध्ये मोठ्या माणसाला काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, पण जन्मभर शाकाहारी बाईचा साठा मुळातच तुटपुंजा, तिच्या पोटच्या बाळाला मिळालेला त्याहून कमी, आणि अंगावरच्या दुधात तेवढंच उतरतं जेवढं आईच्या रक्तात आहे. वर मी दूधही सोडलेलं. ते म्हणाले ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही, १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशाच बाळांबद्दल लिहून ठेवलं आहे, अंगावर पिणारी, मलूल, कातडी काळवंडलेली, शिकलेलं विसरलेली. एवढ्या वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट माझ्या पोरीपर्यंत पोचायला एवढा उशीर झाला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आधी इंजेक्शनं दिली. थेंब नंतर. सुरू केल्यावर पाचव्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, मी रात्री साडेदहाला फोन केला, ते म्हणाले उपचार सुरू झाल्यावर काही बाळांना असं होतं, उतरेल, पण उद्या आणून दाखवा. आठ-दहा दिवसांत उतरलं. संक्रांतीपासून रोजचे थेंब, घरीच.

आता थेंबांवर येते. ३० मिलीची तपकिरी काचेची बाटली, २८५ रुपये, रोज अर्धा मिली. (हा आमच्या डॉक्टरांनी आमच्या मुलीला दिलेला डोस आहे, किती एमसीजीचा ते मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या बाळाचा तुमच्या डॉक्टरांना विचारा.) लेबलवरचा आकडा बघून मी घाबरले होते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अमेरिकेच्या हिशोबाने ०.९ आणि युरोपच्या हिशोबाने १.५ मायक्रोग्रॅम लागतं, आणि बाटलीत तर त्याच्या कितीतरी पट. विचारलं तेव्हा कळलं की आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलतं, त्याच्या वरचं जेमतेम शंभरात एक भाग आत जातं, म्हणून आकडा मोठा ठेवतात. चव गोडसर, पोरगी आवडीने घेते, त्या बाबतीत शून्य तक्रार. रंग गुलाबी, तो बी-१२ चा स्वतःचाच. पण डाग कॉटनवरून जात नाही.

आणि आता ड्रॉपर. त्यावर पाव, अर्धा, पाऊण, एक अशा रेघा छापलेल्या होत्या. रोज कोमट पाण्याने धुतलं तर तिसऱ्या आठवड्यात अर्ध्याची रेघ पुसली. लेबलवर लिहिलं आहे अर्धा मिली म्हणजे दहा थेंब, म्हणून मी थेंब मोजून द्यायला लागले. एका रात्री पोरगी झोपल्यावर बसून कणीक मळायच्या परातीत थेंब मोजले, अर्ध्या मिलीत माझ्या ड्रॉपरचे चौदा थेंब भरले. तिरपं धरलं तर वेगळे, उभं धरलं तर वेगळे. म्हणजे दहा थेंब देत होते तेव्हा कमी जात होतं. मग घाबरून सतरा-अठरा द्यायला लागले, वर टोकाला एक थेंब लोंबकळतो तो फ्रॉकवर. परिणाम काय, पहिली बाटली साठ दिवस जायला हवी होती ती ४७ दिवसांत संपली आणि दुसरी ४४ दिवसांत. दिवसाला पावणेपाच रुपयांच्या जागी सहा-साडेसहा रुपये. कोणाला वाटेल दीड रुपयाने काय होतं, पण सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षात आमच्या घरात दीड रुपयाचाही हिशोब होतो. आणि काच तपकिरी, त्यामुळे किती उरलं ते उजेडाकडे धरूनही नीट दिसत नाही, शनिवारी संध्याकाळी संपतं आणि रविवारी मेडिकल बंद.

आशाताई लहान मुलांना सरकारी लोहाचं सिरप देतात ना, आठवड्यातून दोनदा एक मिली, त्या बाटलीला बरोबर एक मिलीच निघेल अशी सोय आहे. फुकटच्या बाटलीला आहे आणि २८५ च्या बाटलीला नाही! (त्या सिरपमध्ये लोह आणि फॉलिक अॅसिड असतं, बी-१२ नसतं, ते दिलं म्हणजे हे झालं असं समजू नका. उलट बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक देत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं, असं आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.)

तिसऱ्या बाटलीला आमच्या यांनी उपाय काढला. मेडिकलमधून साधी दोन मिलीची सिरिंज आणली, सुई फेकून दिली, पाच रुपये. तिच्यावरच्या रेघा पुसत नाहीत, शेवटचा थेंबही तोंडातच जातो. तिसरी बाटली ५८ दिवस गेली, चौथी ५९. मी ठरवून टाकलं होतं की लिहिताना या औषधाला पाचपैकी दोनच देणार, पण इथे माझं मत बदललं. जूनमध्ये परत तपासलं, पोरीचं ५४०, हिमोग्लोबिन ११.४. आणि मी डॉक्टरांना ड्रॉपरची तक्रार सांगितली तर ते म्हणाले, दोन थेंब इकडे-तिकडे झाले तर बी-१२ मध्ये काही बिघडत नाही, जास्तीचं लघवीतून निघून जातं, बिघडतं ते दिवस चुकले तर. "लग्नाला गेलो, राहून गेलं, गावाला गेलो, बाटली घरी राहिली, असं महिनाभर होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही." म्हणजे ज्या मापासाठी मी रात्री परातीत थेंब मोजत बसले ते एवढं महत्त्वाचं नव्हतं. तरी पैशाचा मुद्दा उरतोच, तो मी सोडणार नाही.

उन्हाळ्याचं पण सांगते. लेबलवर लिहिलं आहे पंचवीस डिग्रीच्या खाली ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि लाइट दुपारीच जाते. फ्रिज आहे पण सहा-सहा तास बंद. मी बाटली खोक्यासकट स्टीलच्या डब्यात घालून रांजणाखालच्या ओल्या रेतीत ठेवायची. खोकं फेकू नका, उजेडानेही हे औषध खराब होतं. मेडिकलवाल्या दादांनी मला मिथाइलकोबालामिनच (बी-१२ चा एक प्रकार) घ्या, तेच भारी, असं सांगितलं होतं, पहिल्या दोन बाटल्या त्याच होत्या. डॉक्टर म्हणाले दोन्ही प्रकार चालतात, पण दुसरा, सायनोकोबालामिन, उजेडाला आणि उन्हाळ्याला जास्त टिकतं. तिसऱ्यापासून ते घेतलं, त्याच कंपनीचं, त्याच किमतीत. ड्रॉपर पण तोच, दुर्दैवाने.

सल्ले खूप मिळाले. बीट दे, पालक दे, अंबाडीची भाजी दे, मोड आलेली मटकी दे. सगळं देते, चांगलंच आहे, पण यात बी-१२ नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्या एकीने आणून दिल्या, त्यातलं बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं असतं. एका काकांनी सांगितलं, भाजी न धुता खायची, मातीतून मिळतं. आमच्या वावराच्या तिन्ही बाजूंनी कपाशी आहे, जुलैपासून फवारणी चालू असते. न धुतलेली भाजी मी लेकराला देऊ?

रेशनच्या तांदळाचं मात्र मला नवीन कळलं. त्यात जे वेगळे दाणे दिसायचे, ज्यांना गावात प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बाया निवडून फेकायच्या, ते प्लास्टिक नव्हतं, फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक घातलेले दाणे होते, शंभरात एक मिसळलेले, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ असायचं. मी पण दोन वर्षं निवडून फेकले. कळल्यावर फेकले नाहीत, भाताचं पाणीही ओतून दिलं नाही. पण हिशोब केला तर किलोभर तांदळात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम, माझी पोरगी दिवसाला मूठभर, पन्नास ग्रॅम तांदळाचा भात खाते, म्हणजे तिला ०.०५ मिळालं. थेंब बंद करण्याइतकं ते नाही. आणि दुकानातल्या पावडरींवर हिरवा ठिपका बघून घेऊ नका, हिरव्या ठिपक्यात दूध चालतं, मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. दोन डबे मी असेच परत केले.

सासूबाईंचं आणि माझं यावरून वाजलं. "पोरीले काऊन रोज औषध पाजून राहिली, आमी नाई वाढवली का चार लेकरं?" मी म्हटलं, आई, तुमच्या चारही लेकरांना दूध-ताक होतं, हिला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्याच आवाज देतात, "थेंब दिले का वो?" साडेसात महिन्यांत चुकलेले दिवस चार, त्यातले तीन माझे. मीही गोळी घेते, माझं जूनमध्ये ३८० आलं.

आता त्या फुटक्या रबराचं. ड्रॉपर हेच झाकण आहे, वेगळं झाकण येत नाही, त्यामुळे मी सिरिंज वापरत असले तरी बाटली बंद करायला तोच लागतो, आणि तो फुटला की औषध उघडं. कस्टमर केअरला तीन फोन. मुलगी गोड बोलायची पण उत्तर एकच, डिलिव्हरीपासून सात दिवसांत सांगितलं तर बाटली बदलून मिळेल. मी म्हटलं ताई, बाटली नको, फक्त झाकण पाठवा, पैसे घ्या. झाकण वेगळं विकत नाही म्हणे. आमच्या गावात कुरिअर येत नाही, दारव्ह्याला एसटीने जाऊन आणावं लागतं, मी पुढची बाटली महिनाभर आधीच मागवून ठेवते, तर उघडेपर्यंत सात दिवस कधीच होऊन जातात. शेवटी मेडिकलवाल्या दादांनी एका रिकाम्या बाटलीचं साधं पत्र्याचं झाकण दिलं, ते उकळून बसवलं, नीट बसलं. पैसे घेतले नाहीत. दोन रुपयांचं झाकण!

औषधाला पाचपैकी पाच, ड्रॉपरला एक, तोही पहिल्या तीन आठवड्यांसाठी.

त्या दिवशी फ्रॉक धुवायला टाकला आणि पोरगी जुन्याच फ्रॉकवर तान्ह्या पोळ्यात गेली. मामाने आणलेला लाकडी नंदी दोरीने ओढत मारुतीच्या पारापर्यंत स्वतः चालत गेली, वाटेत दोनदा पडली आणि दोन्ही वेळा आधी नंदी उभा केला, मग स्वतः उठली. सहावी बाटली मागवली आहे, परवा दारव्ह्याला आणायला जाईन, तिथेच खोकं उघडून रबर दाबून बघणार.