पाण्याच्या टाकीचा प्रकल्प: उनो की ईएसपी३२?
ठाण्यातल्या सोसायटीच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवायची, हा नववी-दहावीच्या मुलांसाठी फार छान प्रकल्प. उनो आणि ईएसपी३२ हे दोन्ही प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड. अर्डुइनो उनो आर३ दणकट, पिना (तारा जोडायच्या जागा) ५ व्होल्टच्या; एलईडी-बटण शिकवायला उत्तमच. पण वाय-फाय नाही, रॅम अवघी २ केबी.

क्लाउडपर्यंत जायचं तर मूळ ईएसपी३२च घ्या, वाय-फाय अंगचंच आहे. मात्र पिना ३.३ व्होल्टच्या. ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची इको ही पिन ५ व्होल्ट देते. थेट जोडलीत तर ईएसपी३२ची पिन जळू शकते. व्होल्टेज उतरवायला इकोपासून ईएसपी३२च्या पिनेपर्यंत १ किलोओहम, पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम रेझिस्टर लावा. सगळं बरोबर असूनही बोर्ड नेटला जोडला जात नसेल, तर आधी राउटर बघा: ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क बोर्डाला दिसतच नाही, २.४ हवं. थिंगस्पीक या नोंदी साठवून आलेख काढणाऱ्या क्लाउड सेवेच्या मोफत खात्यावर दोन नोंदींत किमान १५ सेकंद ठेवा. मुलं दर सेकंदाला पाठवतात आणि आलेखात नोंदी गळतात.