पहिला रनिंग बॅक कोणता? बिजान, गिब्ज, बार्कली की हेन्री

गणपती आणि फँटसी फुटबॉलचे ड्राफ्ट अमेरिकेतल्या मराठी घरांत दरवर्षी एकाच सुमारास येतात. (फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा खेळ, आणि ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने, फेरीफेरीने खेळाडू निवडणं.) यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, बुधवारी २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, आणि ४ सप्टेंबरला फिलाडेल्फिया-डॅलस सामन्याने एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचा, हंगाम सुरू. ऑफिसच्या लीगमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, पहिल्या फेरीत कोणता रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन पळणारा खेळाडू) घेऊ? म्हणून हे जरा लांबलचक उत्तर.

ड्रीम-११ खेळून आलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवायचा. तिथे बुमराह हजार जणांच्या संघात असू शकतो आणि पुढच्या सामन्याला सगळंच नवं. इथे बारा जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच्याच वाट्याला येतो, आणि चुकला तर डिसेंबरपर्यंत तो तुमच्याच गळ्यात. त्यात भरवशाचे रनिंग बॅक थोडे. संघ ३२ असले तरी बहुतेक ठिकाणी दोघातिघांत काम वाटलेलं असतं.

सगळ्यात आधी लीगच्या नियमांचं पान उघडा आणि पीपीआर आहे का ते बघा. पीपीआर म्हणजे पकडलेल्या प्रत्येक पासला एक जादा गुण. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला (चेंडू गोलरेषेपार नेण्याला) सहा, हे पीपीआर आणि साध्या, म्हणजे पीपीआर नसलेल्या, लीगमध्ये सारखंच. २०२४ च्या हंगामाचा हिशेब मी या नियमांनी मांडला. फंबलचे (हातून चेंडू निसटण्याचे) वजा गुण आणि टचडाउननंतरचे दोन गुणांचे प्रयत्न यात धरलेले नाहीत.

| खेळाडू | धावून यार्ड | झेल | झेलांचे यार्ड | एकूण टचडाउन | साधे गुण | पीपीआर गुण |
|---|---|---|---|---|---|---|
| डेरिक हेन्री, बाल्टिमोर | १,९२१ | १९ | १९३ | १८ | ३१९.४ | ३३८.४ |
| सेक्वान बार्कली, फिलाडेल्फिया | २,००५ | ३३ | २७८ | १५ | ३१८.३ | ३५१.३ |
| जमीर गिब्ज, डेट्रॉइट | १,४१२ | ५२ | ५१७ | २० | ३१२.९ | ३६४.९ |
| बिजान रॉबिन्सन, अटलांटा | १,४५६ | ६१ | ४३१ | १५ | २७८.७ | ३३९.७ |

हेन्री आणि बिजान यांच्याकडे बघा. साध्या गुणांत हेन्री चाळीस गुणांनी पुढे, आणि झेल मोजायला लागलो की बिजान गुणभराने वर. खेळाडू तेच, हंगाम तोच. नियम न वाचता कुणाची यादी डोळे मिटून वापरली, तर पहिल्या फेरीतच फसगत होते.

आता खरी चुरस, बिजान की गिब्ज. दोघंही २०२३ च्या एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमधले (संघांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याचा), बिजान आठवा आणि गिब्ज बारावा, आणि वयात जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. गिब्ज गेल्या वर्षी २५० वेळाच चेंडू घेऊन पळाला, बिजान ३०४ वेळा. तरी गुण गिब्जचे जास्त. कारण तो विजेसारखा आहे, पलीकडच्या फळीत चिंचोळी फट दिसली की गेलाच. पण शेजारी डेव्हिड माँटगोमरी बसलाय. त्याने गेल्या हंगामात १८५ वेळा चेंडू नेला आणि धावून १२ टचडाउन केले. गुडघ्याच्या दुखापतीने तो शेवटचे तीन साखळी सामने बाहेर होता, आणि त्यातल्या शेवटच्या, मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात गिब्जने एकट्याने चार टचडाउन ठोकले. गिब्जची खरी मर्यादा त्याचे पाय नाहीत, वाटणी आहे.

शिवाय डेट्रॉइटच्या घरात यंदा बरीच उलथापालथ झालीये. आक्रमणाची सूत्रं हलवणारा बेन जॉन्सन शिकागोचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि पुढच्या फळीचा कणा असलेला सेंटर (फळीतला मधला खेळाडू) फ्रँक रॅग्नो जूनमध्ये निवृत्त झाला. वीस टचडाउन दरवर्षी होत नाहीत. तीनशे वेळा चेंडू मिळणं मात्र प्रशिक्षकाच्या मनावर असतं, आणि अटलांटाच्या प्रशिक्षकांचं मन बिजानवर आहे. तिथे टायलर ऑल्जियर आहे, पण तो वाटेकरी कमी आणि मदतनीस जास्त. म्हणून पीपीआरमध्ये माझा पहिला रनिंग बॅक बिजान, गिब्ज केसभर मागे. (पीपीआरमध्ये पहिलाच नंबर लागला तर मी रनिंग बॅक न घेता सिनसिनाटीचा पास झेलणारा जामार चेस घेईन. गेल्या वर्षीचे १२७ झेल म्हणजे १२७ गुण नुसते हात लावल्याचे. पण तो वेगळा विषय.)

बार्कलीचं नाव पहिलं का नाही, असं विचाराल. माणूस गेल्या वर्षी २,००५ यार्ड पळाला, मागे वळून पाठमोरा उडी मारून बचावपटूच्या डोक्यावरून गेला, आणि अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. पण प्लेऑफ धरून तो ४३६ वेळा चेंडू घेऊन पळालाय. एवढ्या आदळआपटीचं बिल शरीर पुढच्या वर्षी पाठवतं. आजवर नऊ जणांनी एका हंगामात २,००० यार्ड ओलांडले, दुसऱ्यांदा कुणालाच जमलं नाही. जमाल लुईस २,०६६ वरून १,००६ वर आला, ख्रिस जॉन्सन २,००६ वरून १,३६४ वर, एड्रियन पीटरसन २,०९७ वरून १,२६६ वर. टेरेल डेव्हिसचा गुडघा पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात गेला. खुद्द हेन्री २०२० च्या २,०२७ नंतर पाय मोडून आठच सामने खेळू शकला. बार्कली यंदा वाईट खेळेल असं मी म्हणत नाही. चौदाशे यार्ड आणि बारा टचडाउन कुणालाही गोडच. फक्त गेल्या वर्षीचा भाव यंदा देऊ नका. त्यातून गोलरेषेपाशी चेंडू आला की फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, खेळ चालवणारा) जेलन हर्ट्स स्वतःच ढकलून आत शिरतो. गेल्या हंगामात त्याने असे-तसे धावून १४ टचडाउन केले, तेवढा घास बार्कलीच्या ताटातून गेला.

हेन्री यंदा ३१ वर्षांचा आहे. या जागेवर तिशी म्हणजे पेन्शनीचं वय, पण हा गडी सगळ्या हिशेबांना पुरून उरलाय. स्वतःही पळणारा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन शेजारी असल्यामुळे बचावपटूंना आधी कुणाला धरावं तेच कळत नाही. साध्या गुणांच्या लीगमध्ये मी त्याला बार्कलीच्या आधी घेईन. पीपीआरमध्ये मात्र १९ झेल फारच तोकडे. तिथे दुसऱ्या फेरीत मिळाला तर सोडू नका, पहिल्या फेरीत मागे लागू नका.

आता सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री. २०२३ मध्ये ६७ झेल, २१ टचडाउन, वरच्याच हिशेबाने पीपीआरचे ३९५.३ गुण, म्हणजे तक्त्यातल्या चौघांपेक्षाही जास्त. २०२४ मध्ये आधी पायाच्या शिरा, मग गुडघा, आणि खेळला एकूण चार सामने. यंदा सॅन फ्रान्सिस्कोने पास झेलणाऱ्या डीबो सॅम्युअलला वॉशिंग्टनला दिलं, दुसरा झेलणारा ब्रँडन आयुक अजून दुखापतीतून सावरतोय, तेव्हा मॅकॅफ्री उभा राहिला तर पास त्याच्याकडेच येणार. जुगार आहे, पण चांगला. बारा जणांत नववा-दहावा नंबर लागला असेल तर मी खेळेन. सॅन फ्रान्सिस्कोची सुट्टी (सामना नसलेला आठवडा) थेट चौदाव्या आठवड्यात आहे, बहुतेक फँटसी लीगच्या प्लेऑफच्या तोंडावर, तेवढं ध्यानात ठेवा.

ॲश्टन जेंटी हा नवा पोरगा. बॉयसी स्टेट विद्यापीठाकडून गेल्या वर्षी २,६०१ यार्ड, लास व्हेगासने सहाव्या क्रमांकावर उचललाय. संघ गेल्या हंगामात धावून यार्ड काढण्यात अख्ख्या लीगमध्ये तळाला होता, तेव्हा काम भरपूर मिळेल, वाट कोण मोकळी करून देईल ते माहीत नाही. पहिल्या फेरीच्या शेवटी ठीक. मायामीच्या डेव्हॉन एचेनचे गेल्या वर्षी ७८ झेल होते. पीपीआर असेल तरच त्याचा विचार करा.

एक माझी फजिती सांगतो. गेल्या वर्षी मी मॅकॅफ्रीला पहिल्या फेरीत घेतलं आणि त्याच्यामागे कोण आहे ते बघितलंसुद्धा नाही. ९ सप्टेंबर, सोमवार, गणपतीचा तिसरा दिवस. मित्राकडे 'घालीन लोटांगण' चालू असताना खिशात फोन थरथरला. फिरायच्या निमित्ताने हळूच पाहिलं, तर मॅकॅफ्री खेळणार नव्हता. त्याच्या जागी आलेला जॉर्डन मेसन त्या रात्री १४७ यार्ड पळाला, आणि तो होता आरतीत माझ्या शेजारीच टाळ वाजवणाऱ्याच्या संघात. मेसन आता मिनेसोटात गेलाय, त्याच्या जागी नुकताच ब्रायन रॉबिन्सन आणलाय. मॅकॅफ्री घेतलात तर शेवटच्या फेऱ्यांत हा ब्रायन रॉबिन्सनही पदरात पाडून घ्या. आणि न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी लागते, म्हणजे सोमवारी पूर्व किनाऱ्यावर पावणेसातच्या आसपास. ती आरतीला उभं राहण्याआधी बघा.