अँटवर्पमध्ये एकच दिवस: चारांपैकी कोणतं संग्रहालय निवडाल?

ब्रसेल्सहून रेल्वेने पाऊण-एक तासात बेल्जियममधलंच अँटवर्प येतं. त्यामुळे बहुतेक प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात. एवढ्या वेळात दोन संग्रहालयं मनासारखी पाहून होतात, तिसऱ्यासाठी पळापळ करावी लागते. मास (शहर आणि बंदराचं संग्रहालय), रेड स्टार लाइन (एका जुन्या जहाज कंपनीचं), प्लांटिन-मोरेटस (जुना छापखाना) आणि केएमएसकेए (ललित कलांचं राजेशाही संग्रहालय) या चारांत निवड करायची, तर माझं मत आधीच सांगून टाकते: एकच पाहायचं असेल तर प्लांटिन-मोरेटस. मात्र प्रत्येकाला ते रुचेलच असं नाही, म्हणून बाकीच्यांबद्दलही नीट सांगायला हवं.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते मास. शहराच्या उत्तरेला जुन्या गोद्यांच्या मधोमध उभी असलेली ही उंच लाल इमारत 2011 मध्ये खुली झाली. तिला लावलेला लाल वालुकाश्म भारतातून आणलेला आहे. आतले सरकते जिने मजल्यामागून मजला चढत थेट गच्चीपर्यंत नेतात, आणि या वाटेला किंवा गच्चीला तिकीट नाही. वरून एका बाजूला कॅथेड्रलचा मनोरा, दुसऱ्या बाजूला शेल्ड नदी आणि बंदराच्या क्रेन दिसतात. हे शहर नदीवर कसं जगलं ते इथे एका नजरेत कळतं. प्रदर्शनांच्या दालनांना मात्र तिकीट आहे, आणि तिथे बंदर, शहर, जगभरातल्या संस्कृती असे इतके विषय एकत्र आहेत की वेळ कमी असेल तर कशातच जीव रमत नाही. गच्ची चुकवू नका. दालनं दिवस शिल्लक असेल तरच बघा.

तिथून दहाएक मिनिटं चाललं की रेड स्टार लाइन. 1873 ते 1934 या काळात या कंपनीच्या जहाजांनी सुमारे वीस लाख माणसं युरोपातून अमेरिकेला नेली. संग्रहालय 2013 मध्ये उघडलं, तेही कंपनीच्या मूळ इमारतींमध्ये, आणि त्याचं सगळं बळ त्यातच आहे. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना इथेच अंघोळ घालत, त्यांचं सामान निर्जंतुक करत, डॉक्टर त्यांना तपासत. ही तपासणी कडक असे, कारण अमेरिकेने एखाद्याला परत पाठवलं तर त्याला स्वखर्चाने आणण्याची जबाबदारी कंपनीवर होती. पूर्व युरोपातून सगळं विकून आलेलं एखादं कुटुंब, आणि त्यातल्या एकाच मुलाचे डोळे आलेले. अशा वेळी घरच्यांनी काय ठरवायचं? त्याच खोल्यांत उभं राहिल्यावर हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. 1933 मध्ये आइन्स्टाइन याच कंपनीच्या ‘बेल्जनलँड’ जहाजाने अँटवर्पला परतले आणि पुढे त्यांनी जर्मनीत कधीच पाऊल ठेवलं नाही. इथे वाचायचं बरंच आहे, वस्तू त्यामानाने कमी. बरोबर कळत्या वयाची मुलं असतील, किंवा घरातलं कुणी परदेशी स्थायिक असेल, तर माझा पहिला क्रमांक बदलून हे निवडा.

चित्रांसाठीच येणाऱ्यांना केएमएसकेएशिवाय दुसरं नाव सांगू नये. अकरा वर्षं बंद राहून ते सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. एकोणिसाव्या शतकातल्या भारदस्त वास्तूच्या आतल्या चौकांमध्ये पांढऱ्याशुभ्र नव्या दालनांचं जणू दुसरंच संग्रहालय बांधलं आहे. बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सोरच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे, अँटवर्पच्याच रुबेन्स या चित्रकाराचे अवाढव्य पट आहेत. पण मी थांबायला सांगेन ते यान व्हान आयकच्या ‘सेंट बार्बरा’पाशी. तारीख 1437, आकार वहीच्या पानाएवढा. जवळजवळ सगळं चित्र नुसत्या रेषांत आहे, रंग फक्त आभाळाला चाटून गेल्यासारखा. बार्बराच्या मागे एक मनोरा बांधला जातोय. नीट बघितलं की मुंगीएवढे गवंडी, दगड वाहणारे मजूर, वर चढवलेली यारी (क्रेन), सगळं दिसू लागतं. हे काम अर्धवट राहिलं की चित्रकाराला एवढंच करायचं होतं, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. या एका चित्रासमोर पंधरा मिनिटं सहज जातात. या संग्रहालयाला तीन तास हवेतच. शिवाय ते शहराच्या दक्षिणेला आहे, मासपासून तीनेक किलोमीटर, म्हणून या दोघांची जोडी एका दिवसात लावू नका.

केवळ रुबेन्ससाठी चालला असाल तर आधी कॅथेड्रलमध्ये जा. ‘क्रूस उभारताना’ आणि ‘क्रूसावरून उतरवताना’ हे त्याचे दोन त्रिपट (तीन फळ्यांची चित्रं) तिथे चर्चच्याच उंचीत आणि उजेडात दिसतात, जे कुठल्याही दालनाला साधत नाही. त्याचं राहतं घर 2023 च्या सुरुवातीला नूतनीकरणासाठी बंद झालं. ते गृहीत धरून बेत आखू नका. हिऱ्या-चांदीचं ‘दिवा’ (DIVA) नावाचं संग्रहालयही जवळच आहे, दागिन्यांची आवड असेल तर ठीक.

आता प्लांटिन-मोरेटस. क्रिस्तोफ प्लांटिनने 1555 मध्ये छपाई सुरू केली, 1576 मध्ये तो या जागेत आला, आणि पुढे जावयाच्या मोरेटस घराण्याने तीनशे वर्षं तोच धंदा तिथेच चालवला. 1876 मध्ये कुटुंबाने घर, छापखाना, कागदपत्रं, सगळं एकत्र शहराला विकलं. त्यामुळे इथे जवळजवळ काहीही बाहेरून आणून मांडलेलं नाही. घराच्या एका अंगाला सोनेरी नक्षीच्या चामड्याने मढवलेल्या भिंती आणि रुबेन्सने काढलेली घरच्यांची व्यक्तिचित्रं, तर दुसऱ्या अंगाला खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) केसेस, मुद्रितशोधकांची खोली आणि ओळीने उभी लाकडी छापयंत्रं. त्यांतली दोन, साधारण 1600 च्या सुमाराची, आजवर टिकलेली जगातली सर्वांत जुनी आहेत. सोळाव्या शतकातला फ्रेंच अक्षरकार गारामों याने कोरलेले मूळ पोलादी ठसेही इथे आहेत. त्याच्या अक्षरांचे वंशज आज आपल्या संगणकात आहेत. प्लांटिनने पाच भाषांतलं बायबल आठ खंडांत छापलं. हिब्रू, ग्रीक, सिरियाक अशा वेगवेगळ्या लिप्या एकाच पानावर जुळवणाऱ्या हातांचा विचार केला की त्या केसेसकडे बघण्याची नजर बदलते.

बंदराशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. प्लांटिनने स्पेनसाठी प्रार्थनाग्रंथ छापले, हजारोंनी. बंदर नसतं तर एवढा माल जगाच्या बाजारात गेला नसता. 1585 मध्ये शहर स्पॅनिश फौजांच्या हाती पडलं, डचांनी शेल्डचं तोंड अडवलं, व्यापारी आणि कारागीर हजारोंच्या संख्येने उत्तरेकडे गेले, तरी हा छापखाना चालूच राहिला. 2005 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. चित्रसंग्रह किंवा बंदराचा इतिहास तुम्हाला इतर शहरांतही पाहता येईल; असा छापखाना जगात दुसरीकडे नाही. मात्र जुन्या घराचे जिने आहेत, पुस्तकं जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो, आणि लहान मुलं इथे लवकर कंटाळतात.

सोमवारी मास, रेड स्टार लाइन आणि प्लांटिन-मोरेटस बंद असतात, तो दिवस टाळा. सकाळी उघडताच प्लांटिन-मोरेटसला पोहोचा, दोन तास द्या. तिथून कॅथेड्रल चालत काही मिनिटांवर आहे. जेवणानंतर चित्रं हवी असतील तर दक्षिणेला केएमएसकेए, माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर उत्तरेला रेड स्टार लाइन. उत्तरेला गेलात तर मासची गच्ची शेवटी ठेवा. ती दालनं बंद झाल्यावरही संध्याकाळी उघडी असते.