कॅनन म्हणायचं की फ्यूग? काउंटरपॉइंटचे शब्द निवडताना

पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहायला घेतलं की दोन ठिकाणी अडतं: शब्द कुठला वापरायचा आणि तो म्हणायचा कसा.

पहिली जोडी पॉलिफनी आणि काउंटरपॉइंट. दोन्हींना ‘जुगलबंदी’ म्हणायचा मोह आधी सोडा. जुगलबंदीत बराच वेळ एकाचं झालं की दुसरा उचलतो. इथे दोन-तीन आवाज एकाच वेळी आपापली चाल गात असतात. त्या सगळ्याची मिळून जी वीण ऐकू येते ती पॉलिफनी, आणि त्या चाली एकमेकींच्या पायात न येता बांधण्याची विद्या म्हणजे काउंटरपॉइंट. मूळ लॅटिन अर्थ बिंदूसमोर बिंदू, म्हणजे स्वरासमोर स्वर. ऑस्ट्रियन संगीतकार योहान योझेफ फुक्सने १७२५ सालच्या आपल्या ग्रंथात नेमके तसेच धडे दिलेत: एका स्वरासमोर आधी एक, मग दोन, मग चार. गोव्याच्या मांडो या गीतप्रकारातही दोन आवाज असतात, पण ते बहुधा सा-ग इतकं अंतर राखून हातात हात घालून चढतात-उतरतात. त्याला मी काउंटरपॉइंट म्हणणार नाही, हार्मनी, म्हणजे एकाच चालीला दिलेली स्वरांची साथ, म्हणावं.

उच्चारात पॉलिफनी जास्त फसवी. इंग्रजीत जोर ‘लि’वर पडतो आणि पहिलं अक्षर दबतं: प-लि-फनी. विशेषण झालं की जोर पुढे सरकतो, पॉलि-फॉ-निक. काउंटरपॉइंटचं विशेषण तर रूपच बदलतं: ‘कॉन्ट्रपंटल’, जोर ‘पं’वर. ‘काउंटरपॉइंटल’ असं कुणी म्हणत नाही.

दुसरी जोडी कॅनन आणि फ्यूग, आणि खरा गोंधळ इथेच होतो. शाळेत ‘आर यू स्लीपिंग’ गटागटाने म्हटलेलं आठवतं? पहिला गट ‘सा रे ग सा’ दोनदा म्हणून ‘ग म प’वर पोचला की दुसरा गट ‘सा रे ग सा’ सुरू करतो, आणि शेवटपर्यंत तेच, जसंच्या तसं, मागून गात राहतो. हा कॅनन. गोल फिरत राहणारा म्हणून त्याला ‘राउंड’ही म्हणतात. तोफेचा कॅनन आणि हा कॅनन, इंग्रजीत उच्चार एकच. फरक फक्त स्पेलिंगमधल्या एका ‘एन’चा.

फ्यूगमध्ये नक्कल अशी आंधळी नसते. जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ च्या संग्रहातला सी मायनरमधला (इथे सी म्हणजे सा) फ्यूग घ्या. मधला आवाज एकटाच सुरू करतो: सा नी सा, खाली प, मग कोमल ध. दोन मापांनंतर (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक खंड) वरचा आवाज तोच ‘विषय’, म्हणजे सुरुवातीची ती चाल, पंचमावरून उचलतो: प, तीव्र म, प. आता हिशेबाने खाली रे यायला हवा, पण बाख सा देतो आणि मग कोमल ग. मूळ सूर हाताशी राहावा म्हणून केलेला हा बदल. दरम्यान पहिला आवाज गप्प बसलेला नसतो, त्याचं वेगळंच काही चाललेलं असतं. पुढे विषय मध्येच गायब होतो, दुसऱ्याच सुरावर उगवतो. फ्यूग या शब्दाचा मूळ अर्थच ‘पळ काढणं’.

आणि कृपा करून ‘फ्युग्यू’ म्हणू नका. आपण लीगला ‘लीग्यू’ म्हणत नाही. तसंच इथेही शेवटचं ‘यू-ई’ मुकं. सर्वांत खालचा आवाजही ‘बास’ नव्हे, ‘बेस’.

तेव्हा मागून येणारा आवाज शेवटपर्यंत स्वरास स्वर जुळवत असेल तर बेधडक कॅनन लिहा. जर्मन संगीतकार पाखेलबेलच्या प्रसिद्ध रचनेत तीन व्हायोलिनं तेच करतात, खालचा बेस मात्र त्या नकलेत नाही, तो दोन मापांचाच तुकडा घोळवत बसतो. नक्कल सुरुवातीला ओळखू येते पण पुढे वाट बदलते, असं असेल तर लगेच फ्यूग लिहू नका. छापील कार्यक्रमपत्रिकेत रचनेचं नाव काय दिलंय ते पाहा, आणि तिथे काहीच नसेल तर नुसतं ‘कॉन्ट्रपंटल रचना’ म्हणा.