आंब्याचा ओंडका कापायला दिला आणि फळ्या बदलून आल्या

शेतातले जुने झाड वठले की त्याचा ओंडका कापून घरीच अखंड फळीचे टेबल करावे, असा विचार आमच्या भागात अलीकडे बरेच जण करू लागले आहेत. त्यांनी ओंडका मिलमध्ये टाकण्यापूर्वी हे वाचावे म्हणून लिहीत आहे.

अंबाजोगाईजवळच्या आमच्या शेतातला गावरान आंबा लागोपाठच्या कोरड्या वर्षांत वठला. खासगी जमिनीतील झाडे तोडण्याबाबतच्या 1964 च्या कायद्यातील यादीत आंबाही असल्यामुळे आम्ही आधी रीतसर परवानगी काढली. ओंडका ट्रॅक्टरवर चढवण्यापूर्वी मुलाने साल काढून त्याचा घेर आणि लांबी मोजली आणि दोन्ही तोंडांचे फोटो काढून ठेवले. घेर 8 फूट, लांबी 7 फूट, म्हणजे व्यास जवळजवळ अडीच फूट. दोन्ही तोंडे भरीव होती, पोकळीचा मागमूस नव्हता.

शेजारच्या तालुक्यातील एका सॉ मिलच्या मालकाने अडीच इंच जाडीच्या फळ्या पाडून, त्या भट्टीत सुकवून देण्याचे कबूल केले. कटाईचे आणि सुकवणीचे पैसे घनफुटावर ठरले. पैसे घेताना त्याने ओंडका गोल धरला आणि घनफळ साडेपस्तीसच्या पुढे काढले. ते बरोबरच होते. परंतु फळ्या परत देताना त्याने दुसरे गणित मांडले. घेराचा चौथा भाग 2 फूट, त्याचा वर्ग 4, गुणिले लांबी 7, म्हणजे 28 घनफूट. त्यातून भुसा आणि साल म्हणून पाव हिस्सा वजा, राहिले 21. मोजून दिलेल्या आठ फळ्याही 21 घनफुटांच्या आतबाहेरच भरत होत्या, त्यामुळे कागदावर सगळे जुळले. यातली मेख अशी की चौथाई घेराच्या या जुन्या पद्धतीत कटाईची तूट आधीच धरलेली असते. तिने मिळणारे माप मुळातच खऱ्या घनफळापेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी कमी येते. म्हणजे तूट दोनदा वजा झाली, पैसे मात्र पूर्ण घनफळाचे गेले. शेतकऱ्याकडून झाड विकत घेताना हीच मंडळी चौथाई घेराशिवाय दुसरे माप मानत नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

त्याहून मोठी लबाडी फळ्यांच्या रुंदीत होती. अडीच फूट व्यासाच्या ओंडक्यातून अडीच इंची फळ्या पाडल्या, तर मधल्या पाच फळ्या तरी सव्वादोन फुटांहून रुंद निघायलाच हव्यात. आमच्या हाती तशा दोनच आल्या आणि बाकीच्या सहा दीड-पावणेदोन फुटांच्या होत्या. विचारले तेव्हा मालक म्हणाला, "काय करावं सर, झाडच आतून पोकळ निघालं. मधला माल जळणात गेला बघा." टेबलाच्या दृष्टीने मोलाचा असतो तो हाच मधला माल. शहरातल्या फर्निचरवाल्यांकडे अशा एकेका फळीला जो भाव मिळतो, त्यात आमच्या सगळ्या कटाईचे पैसे सहज निघाले असते.

पोकळीचे कारण खोटे होते, हे त्या दोन रुंद फळ्यांनीच दाखवून दिले. आमच्या वडिलांच्या काळी बैल बांधण्यासाठी त्या खोडात एक लोखंडी कडी ठोकलेली होती, आणि झाड वाढता वाढता ती आत गिळली गेली होती. लोखंडाभोवती लाकडात काळसर निळा डाग पसरतो. एका रुंद फळीच्या कडेपासून वीतभर आत असा डाग होता आणि त्यात करवतीने कापलेला कडीचा चकचकीत तुकडा तसाच अडकलेला होता. करवत कडीच्या मधून गेली असेल, तर लगतच्या फळीवर त्याच जागी दुसरा अर्धा तुकडा आणि तसाच डाग हवा. आठपैकी एकाही फळीवर तो नव्हता. शिवाय सहा अरुंद फळ्यांपैकी तीन फळ्यांच्या रेषा आमच्या फळ्यांच्या रेषांना कुठेच जोडून येत नव्हत्या आणि त्यांचा रंगही फिकट होता. त्या आंब्याच्याच असतील, पण आमच्या आंब्याच्या नव्हत्या.

सुकवणीचा प्रकार तर आणखी सरळ होता. इतक्या जाड फळ्या खऱ्या भट्टीतही आठवडेच्या आठवडे घेतात, आणि सावलीत पट्ट्या घालून नैसर्गिकरीत्या वाळवायच्या तर जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरतात. आमच्या फळ्या आठवडाभरात "सुकून" आल्या. मोंढ्यातल्या काट्यावर रुंद फळी चढवली तेव्हा वजन 100 किलोच्या वर भरले. वाळलेला आंबा घनफुटाला 18 ते 20 किलो धरला, तर ते 70 किलोच्या आत यायला हवे होते. उन्हात टाकून वरचा पापुद्रा तेवढा कोरडा केला होता, आणि ओल मोजायचे साधे यंत्र टोचून पाहिले तर ते हाच पापुद्रा मोजते. लाकडातील ओल 30 टक्क्यांच्या खाली उतरू लागली की ते आकसायला लागते, आणि आमच्याकडच्या वैशाखात ही क्रिया इतक्या झपाट्याने होते की दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावलेले नसेल तर फळी टोकाकडून उभी चिरत जाते. एक फळी तशी हातभर चिरली.

मिलने पक्की पावती दिली नव्हती. कच्च्या चिठ्ठीवर घनफूट आणि रक्कम एवढेच होते. तरी ती चिठ्ठी, ओंडक्याचे फोटो, काट्याची पावती आणि कडीचा डाग असलेल्या फळीचा फोटो जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. कटाई पैसे देऊन करून घेतलेली असल्यामुळे ती सेवा ठरते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

ज्यांचा ओंडका अजून अंगणातच आहे, त्यांनी त्याच्या दोन्ही तोंडांवर ऑइल पेंटने एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत एकेक तिरकी रेघ मारावी. फळ्या पाडल्यावर प्रत्येक फळीच्या टोकाला त्या रेघेचा तुकडा राहतो, फळ्या मूळ क्रमाने रचल्या की रेघ पुन्हा सलग दिसते, आणि मधली फळी काढली किंवा परकी घुसवली तर ती तिथेच तुटते. घनफळ कोणत्या पद्धतीने काढले ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि कटाईच्या वेळी घरचे माणूस करवतीपाशी उभे ठेवावे. मालक "धूळ उडते, बाहेर बसा" म्हणाला तरी.