आयनॅचरलिस्ट: रानातला अनोळखी कॅक्टस ओळखायला भारी, बिया पेरतानाही उपयोगी

रानात दिसलेला कॅक्टस नक्की कोणता हे शोधायचं असेल तर माझ्या मते आयनॅचरलिस्ट या ॲपला तोड नाही, फक्त फोटो नीट काढायला हवेत. लांबून एकच फोटो टाकला तर "कॅक्टस कुळ" यापुढे गाडी जात नाही आणि मग लोक ॲपला नावं ठेवतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून हे सुरू झालं, आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, वापरायला फुकट.

फोटो टाकला की आधी कॉम्प्युटर नावं सुचवतो, मग खरी माणसं येऊन मत देतात आणि दोन-तृतीयांशपेक्षा जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, होते. कॅक्टसच्या बाबतीत कॉम्प्युटरचं नाव फक्त अंदाज म्हणून घ्या, कारण एकच प्रजाती लहानपणी वेगळी दिसते, म्हातारी झाली की वेगळी, सावलीत वाढली तर अजूनच वेगळी. खरी मजा माणसांच्या कमेंटमध्ये आहे. माझ्या एका गोल, गाठीगाठींच्या कॅक्टसवर कुणीतरी विचारलं की गाठीच्या वरच्या अंगाला खाच आहे का, आणि फूल शेंड्याजवळून निघतंय की गाठींच्या मधल्या बेचक्यातून? खाच असेल तर कोरिफँथा या कॅक्टस-प्रकाराकडे बघायचं, खाच नाही आणि फुलं बेचक्यातून गोल कड्यासारखी आली असतील तर मॅमिलेरिया हा दुसरा प्रकार. एवढ्या दोन प्रश्नांनी मला झाडाकडे बघायला शिकवलं!

म्हणून फोटो काढताना पूर्ण झाड, खोडावरचे उभे कंगोरे किंवा गाठी जवळून, काटे जिथून फुटतात तो लोकरीसारखा ठिपका म्हणजे अरिओल, मधले काटे सरळ आहेत की आकडेदार, फूल वरून आणि बाजूने, आणि फळ असेल तर फळ, हे सगळं घ्याच. अरिओल दिसलाच नाही तर तो कॅक्टस नसून युफोर्बिया, म्हणजे कॅक्टससारखं दिसणारं वेगळ्या कुळातलं झाड, असण्याची शक्यता खूप, आणि खात्रीसाठी कापून बघू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

अजून एक गोष्ट मला मनापासून आवडते, धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण ॲप आपोआप धूसर करतं. २०१५ च्या जागतिक अभ्यासात जवळपास ३१ टक्के कॅक्टस प्रजाती धोक्यात निघाल्या होत्या आणि उपटून विकणं हे त्यामागचं मोठं कारण आहे. त्यामुळे झाड उपटायचं नाहीच, फळसुद्धा तिथले नियम परवानगी देत असतील तरच एखादं घ्या.

प्रजातीच्या पानावर महिन्यांचा आलेख असतो, फुलं-फळं कधी येतात याचा त्यावरून चांगला अंदाज येतो. आणि नाव कळलेलं असलं की बिया पेरताना जीव टांगणीला लागत नाही, ॲस्ट्रोफायटम जातीच्या कॅक्टसचं बी दोन-तीन दिवसांतही फुटतं पण ओपुन्शिया कॅक्टसचं बी दगडासारखं, सँडपेपरवर घासलं तरी कधी कधी महिनोन्महिने ढिम्म. फळाचा गर पूर्ण धुऊन बी वाळवा, गर राहिला की बुरशी ठरलेली. माती जास्त करून खनिजवाली, परलाइट किंवा बारीक खडी, ती आधी गरम करून निर्जंतुक करून गार होऊ द्या. बारीक बी वरच ठेवा, गाडू नका, त्याला उजेड लागतो. पारदर्शक झाकणाच्या डब्यात २० ते ३० अंशात, थेट ऊन न लावता ठेवा. रोपं हिरव्या मण्यांसारखी दिसतात, लालसर झाली तर उजेड जास्त होतोय, लांबट झाली तर कमी. झाकण एकदम काढू नका, हळूहळू फट वाढवा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त घरी वाढवलेल्या रोपाचा फोटो टाकाल तेव्हा लागवडीतलं आहे असं आठवणीने मार्क करा, नाहीतर त्या प्रजातीचा रानातला नकाशा चुकतो.